दातेरी चकती आणि बाबांचं ग्रीस

"ही गाडी भंगारात घाला मॅडम, हिला काय बसणार नाही," असं स्पीड गव्हर्नर बसवायला आलेला माणूस बोलला आणि माझं डोकंच फिरलं. वर बोलताना त्याने आमच्या ट्रकच्या बंपरवर बूट ठेवला होता. मी म्हटलं, "आधी पाय खाली घे. मग काय ते बोल." त्याने मुकाट पाय घेतला. विक्रोळीत घराच्या खालीच माझं बॅटरी-वायरिंगचं दुकान आहे, बऱ्याच वर्षांपासून. अजूनही नवीन गिऱ्हाईक येतं आणि माझ्या खांद्यावरून आत बघत विचारतं, मिस्त्री कुठे गेला? मी सांगते, समोर उभी आहे, बोला. त्यामुळे गाडीत काय बसेल आणि काय नाही हे मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं खपत नाही.

ट्रक बाबांचा. लष्कराने लिलावात काढलेला, चारही चाकांना ओढ असलेला जुना दांडगा ट्रक, मागे क्रेन आणि विंच, म्हणजे लोखंडी दोर गुंडाळून ओढणारं चाक. हायवेवर डंपर पंक्चर होऊन आडवा झाला, टेम्पो गटारात गेला, की बाबांना फोन येतो. गिरणीतलं काम सुटल्यावर बाबांनी काय काय केलं, पण टिकली ती ही गाडी. घरात तिला सगळे म्हातारी म्हणतात. आई चिडली की सवत म्हणते.

गाडीचं पासिंग संपत आलं होतं. आता फिटनेस करायचं तर वेगाला लगाम घालणारं यंत्र, म्हणजे स्पीड गव्हर्नर, बसवल्याशिवाय पुढचं काही होत नाही. आणि त्या यंत्राला गाडी किती वेगाने चाललीय हे विजेच्या तारेतून कळावं लागतं. म्हातारीत अशी तारच नव्हती. तिच्या जमान्यात केबल असायची, आत फिरणाऱ्या पिळाची, आणि त्या केबलवर मीटरचा काटा हलायचा. ती केबलही कधीच मेली होती. केबल फिरवणारं आतलं छोटं चाक झिजून गुळगुळीत झालं होतं आणि ते आता कुठे मिळत नाही. बाबांना त्याची फिकीर नव्हती. कुणी विचारलं तर ते कानाला बोट लावून सांगायचे, "माझो मीटर हय आसा."

आणि ह्याच बाबांनी त्या दिवशी जेवताना ताट बाजूला सारून जाहीर केलं, "गाडी गेली काय मी पण गावाक जातलंय. हय बसान काय करू?" आई वाटीतली सोलकढी तशीच ठेवून उठली. गावी चुलत्यांच्या पडवीत एक खुर्ची टाकतील आणि बाबा त्यात बसून राहतील, हे मला लख्ख दिसत होतं. चालणारा माणूस असा बसला की उठत नाही. मला बाबा तिकडे नको होते. इथे, माझ्या दुकानासमोर, रस्त्यात गाडी आडवी लावून सगळ्यांच्या शिव्या खाणारे असेच हवे होते. म्हणून मी म्हटलं, गाडी पास होणार. मी करणार. विषय संपला.

आता ह्या गाडीचं पोट कसं आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिनमागे गिअरबॉक्स, हे सगळ्या गाड्यांना असतं. म्हातारीला त्याच्यामागे आणखी एक लोखंडी डबा आहे, कलिंगडाएवढा. त्याला ट्रान्स्फर केस म्हणतात. इंजिनाची ताकद इथे येते आणि इथून पुढच्या चाकांना, मागच्या चाकांना आणि विंचला वाटली जाते. बाहेर एक दांडा असतो. तो एकीकडे टाकला की गाडी रस्त्यावर पळते, दुसरीकडे टाकला की हळू पण हत्तीच्या जोराने ओढते, आणि मधे ठेवला की चाकं थांबतात, फक्त विंच फिरतो.

गव्हर्नरवाल्याचा तोरा उतरल्यावर तो म्हणाला, "मग सेन्सर गिअरबॉक्सच्या मागे मारू ना. हात घालायला सोपं आहे." मी म्हटलं, "शाणा आहेस. गाडी उभी आहे, विंच चालू आहे, खड्ड्यातून डंपर वर येतोय. गिअरबॉक्स फिरतोय म्हणून तुझं यंत्र समजणार गाडी सुसाट सुटलीय, आणि डिझेल आखडणार. डंपर परत खड्ड्यात. खाली कोण उभं असेल? तू?" सेन्सर लावायचा तर ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी, जिथून शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो. तो शाफ्ट फिरतो तेव्हा चाकं फिरतातच. दांडा कुठेही असो, तो खोटं बोलत नाही. गव्हर्नरवाल्याला सांगितलं, यंत्र तुझं, कागद तुझा, गाडीचा वेग कळवायची तार माझी. तू परवा ये.

काम साधं होतं, पण चोख लागणार होतं. शाफ्टच्या तोंडावर एक दातेरी चकती बसवायची. तिच्यासमोर, नखाच्या जाडीएवढ्या फटीवर, सेन्सर. सेन्सरच्या टोकात लोहचुंबक असतो. दात समोरून गेला की तो एक टिचकी पाठवतो, आणि टिचक्या मोजून यंत्राला वेग कळतो. चकती करायला मी लेथवाल्याकडे गेले. माझ्या शाळेतला, बाकावर माझ्या मागे बसून माझी वेणी खिडकीला बांधणारा. त्याचे वडील नगरकडून आले आणि विक्रोळीच्या कारखान्यात लागले. आता ह्याचा स्वतःचा लेथ आहे, लोखंड कातायचं यंत्र. आमच्याकडे दसऱ्याला पान्यांना झेंडू वाहतात, तो वाहत नाही. पण रोज संध्याकाळी लेथ असा पुसतो की त्यात तोंड बघावं.

"दात सारखे हवेत," मी म्हटलं. "एकही वाकडा नको."

"तुझ्यासारखं वाकडं मी काय बनवत नाय," तो बोलला. "कधी पाहिजे?"

"काल."

"काल सुट्टी होती गं. उद्या ने."

बाबांची एकच अट होती. डब्याला भोक पाडायचं नाही. मी म्हटलं, अहो एक छोटं भोक, त्यात सेन्सर, काम फत्ते. बाबा गाडी आणि मी ह्यांच्या मधे येऊन उभेच राहिले. "तुझ्या आवशीच्या पोटाक भोक पाडशीत?" आई वरच्या खिडकीतून म्हणाली, माझं नाव मधे घेऊ नका. शेवटी मी डब्याचेच दोन बोल्ट काढून, लांब बोल्ट टाकून, त्यांवर पट्टी बसवली आणि पट्टीवर सेन्सर. एक ओरखडा आला नाही. खोटं कशाला बोलू, भोकापेक्षा हे जास्त झकास झालं. पट्टी हवी तशी सरकवता येत होती. फट मोजायला मी लग्नपत्रिकेचा जाड कागद वापरते. फट मोजायची पोलादी पात चुंबकाला चिकटते आणि माप चुकतं. कुणाच्या तरी मुलाची सोनेरी पत्रिका होती, ती मधे धरली, पट्टी आवळली, पत्रिका ओढून काढली. झालं. चाक हाताने फिरवलं तर दिवा टिचटिच लागला. गव्हर्नरवाला आला, त्याने यंत्र जोडलं, समोर नवा मीटर लावला आणि "मानलं मॅडम" बोलून चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी. बाबा गाडीवर, मी बाजूला. हायवेला लागलो. मीटरचा काटा हलला तसं मला इतकं बरं वाटलं की मी टाळी वाजवली. पुलाच्या चढावर आलो आणि काट्याच्या अंगात आलं. वीस, नव्वद, दहा, नव्वद. यंत्राला वाटलं गाडी उधळली, त्याने डिझेल बंद केलं. म्हातारी दोन आचके देऊन ऐन चढावर बसली. मागे हॉर्नचा कल्लोळ. बंद पडलेल्या गाड्या ओढणारी आमची गाडी, आणि तीच मधोमध बंद! बाजूने जाणारा टेम्पोवाला मान बाहेर काढून म्हणाला, "काका, क्रेनला क्रेन बोलावू काय?" बाबांचा चेहरा पडला. आयुष्यात त्यांना कुणी असं बोललं नव्हतं.

मी खाली उतरले आणि गाडीखाली शिरले. बघते तर काय, माझी कोरडी ठणठणीत चकती दिसतच नव्हती. तिच्यावर पिवळ्या ग्रीसचा थर, श्रीखंड थापावं तसा. आणि सेन्सरच्या टोकाला लोखंडाच्या किसाची मिशी फुटलेली. त्या किसाने सगळे दात भरले होते, टिचक्या कशाही पडत होत्या.

"बाबा! ह्याला ग्रीस कुणी लावलं?"

"मी." खिडकीतून आवाज आला, सहज. "सगळ्यांका लावलंय. शनिवार होतो ना काल. तू ता सुक्या ठेवलेलंस."

दर शनिवारी बाबा गाडीखाली जातात आणि प्रत्येक सांध्याला ग्रीस लावतात. आई मारुतीला जाते तेव्हा बाबा ग्रीसला जातात. कधी चुकलं नाही. नवीन पाहुणी कोरडी बघून त्यांचा जीव कळवळला असणार. आणि ग्रीसचा डबा कुठला, तर लेथवाल्याकडे उघडा पडलेला, लोखंडाचा कीस उडून उडून त्यात बसलेला. ज्याच्या तोंडात चुंबक आहे, त्याला ह्यांनी लोखंड भरवलं, तेही मायेने.

मला हे सगळं नंतर सुचलं. तेव्हा मी हायवेवर, शंभर हॉर्न वाजत असताना, बापावर ओरडले. "कुणी सांगितलं होतं हात लावायला? माझ्या कामात कशाला लुडबुड करता? एवढं केलेलं, सगळ्याची वाट लावलीत!" यंत्राची तार मी तात्पुरती बाजूला केली, गाडी चालू झाली, आम्ही घरी आलो. बाबांनी गाडी लावून चावी माझ्या हातात ठेवली. "मोडीत घाल," म्हणाले आणि जिना चढून गेले.

मी चकती धुवायला घेतली. घासलेट, ब्रश, फडकं. अर्ध्यावर असताना आईचा फोन. "त्यांनी माळ्यावरची बॅग काढलीय. चादर भरतायत. तू काय बोललीस त्यांना?" मी सांगितलं. आई म्हणाली, "मी काय जायची नाही. मला तिकडे कोण आहे? पण हे एकटे जातील गं. हे हट्टी आहेत." आईचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मी ब्रश घेऊन उरलेले दात घासून काढले.

माफी मागायला मी गेले नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही, आणि मागितली असती तर बाबांना जास्त लागलं असतं. मी लेथवाल्याकडे गेले आणि म्हटलं, मला ह्या चकतीवर पत्र्याचं टोपण करून दे, आत बोटसुद्धा जाता कामा नये. त्याने खाऊच्या गोल डब्याचा जाड पत्रा कापून झकास टोपण केलं. शिवाय स्वतःहून ग्रीसला झाकणवाला डबा काढून दिला. म्हणाला, "काकांना सांग, बाकी सगळीकडे लावा. काकांच्या ग्रीसमुळेच ती गाडी अजून जिवंत आहे." टोपण बसवलं, तार जोडली, आणि घरी जाऊन बाबांच्या बॅगेच्या बाजूला बसले.

"गाडी तयार आहे," मी म्हटलं. ते बॅगेची चेन लावत राहिले. मी मोठ्याने म्हटलं, "गाडी तयार आहे! उद्या पासिंगला न्यायचीय. मला ती चालवता येत नाही. कुणालाच येत नाही. दोनदा क्लच मारायचा कधी, ते तुमच्याशिवाय कुणाला कळतं?" हे खरंच होतं. बाबा चादरीच्या घडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी चाचणी घेऊया."

पुन्हा तोच हायवे. काटा आता गुमान चढत होता, उतरत होता. चढ आला, गेला. मी सीटला टेकून बसले. मोकळा रस्ता मिळाल्यावर बाबांनी पाय दाबला, आणि थोड्या वेळाने कपाळाला आठ्या घातल्या. "ओढत नाय गो ही. कोण मागसून धरल्यासारखा. डिझेल कमी येता."

मी मीटरकडे बघितलं. "बाबा, साठ झाले. गव्हर्नर साठला लावलाय. म्हणून."

"साठ? चाळीस पण नाय. खोटा सांगता तुझो मीटर."

"खोटं नाही सांगत."

"माका शिकवतंस? इतकी वर्सा गाडी चालवतंय. आवाजावरसून सांगतंय, चाळीस."

माझ्या कामाला खोटं म्हटलेलं मला सहन होत नाही, बाप असला तरी. मी फोन काढला, त्यात वेग दाखवणारं ॲप लावलं आणि स्टिअरिंगच्या वर धरलं. साठ. मीटरवर साठ. बाबांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा मीटरकडे. मग हळूच पाय उचलला. काटा उतरत उतरत चाळीसवर आला. गाडी इतकी सावकाश चालली होती की मागच्या रिक्षाने शिवी देऊन ओव्हरटेक केलं. बाबा समोर बघत होते. त्यांना चाळीसचा आवाजच येत नव्हता, हे त्यांना कळलं आणि मलाही.

एरवी मी ओरडून बोलायची ती रागाने नाही. घरात गेली काही वर्षं आम्ही सगळेच ओरडून बोलत होतो, टीव्ही भिंतीपलीकडे ऐकू जायचा. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की बाबांचं ठरलेलं, "माका सगळा ऐकाक येता. तुम्हीच हळू बोलतास." पण गाडीवर हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. कान कमी झाला तशी गाडी त्यांना शांत वाटायला लागली, आणि शांत वाटली म्हणून ते पाय दाबत गेले. क्रेन लावलेली, जुने ब्रेक असलेली गाडी. काही झालं नाही हे नशीब.

पासिंगला काही अडलं नाही. तपासणाऱ्या साहेबांनी वाकून टोपण बघितलं, विचारलं काय आहे, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, गाडी पळवून बघितली, गव्हर्नरने साठला बरोबर लगाम घातला. पास. मला तिथेच नाचावंसं वाटलं. बाबा स्टिअरिंग धरून बसले होते.

"गाडी पास," ते म्हणाले. "मी नापास."

"कोण म्हणतं?"

"तुझो मीटर म्हणता." गेटवरचा माणूस गाडी काढा म्हणून हात करत होता. मला वाटलं आता ते गावाचं बोलणार, आणि मला तिथेच रडू यायला लागलं. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. बाबा म्हणाले, "त्या कानाच्या डॉक्टराकडे कधी जावचा?"

"आत्ता," मी म्हटलं. "इथूनच. ट्रक घेऊन."

खरंच ट्रक घेऊन गेलो. घाटकोपरला दवाखान्याच्या दारात म्हातारी लावली तर वॉचमन धावत आला. बाबांनी त्याला सांगितलं, "पेशंट आसा मी." कानाचं मशीन मिळेपर्यंत बाबांनी गाडीला हात लावला नाही. स्वतःहून. मी सांगितलं नव्हतं.

मशीन आलं त्या शनिवारी सकाळी बाबा खाली आले. कानामागे तो बारीकसा तुकडा, त्यावर टोपी ओढलेली. गाडीत चढले, सेल्फ मारला आणि दचकलेच. "अरे बापरे! ही इतक्या बोंबलता?"

"कायमच बोंबलते. तुमच्याशिवाय सगळ्या विक्रोळीला माहीत आहे."

ते इंजिन चालू ठेवून ऐकत बसले. डोळे मिटून. मग गाडी पुढेमागे केली, पुन्हा ऐकलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या लहानपणीचे बाबा आले. "डब्याच्या मागच्या बेअरिंगातसून आवाज येता," म्हणाले. "बारीक. येता ना?" मला काही ऐकू येत नव्हतं. मी तसं सांगितलं. ते खूश झाले. वर घरात आईने बॅग माळ्यावर टाकल्याचा धप्प आवाज झाला, तो आम्हा दोघांनाही आला. बाबांनी वर बघितलं.

मग त्यांनी हात पुढे केला. मी झाकणवाला डबा दिला. ते गाडीखाली सरकले, फक्त चपला बाहेर राहिल्या. मी दुकानाकडे वळले आणि आपल्याशीच पुटपुटले, "कानातल्या मशीनला ग्रीस नको लावायला म्हणजे झालं."

गाडीखालून आवाज आला, "ऐकलंय मी."